ट्रंकेतलं तिकीट, फोटोतलं विमान: जंबो की 707?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकरोडला जेल रोडवरचं जुनं घर आवरताना वडिलांची पत्र्याची ट्रंक निघाली. आत चार रंगीत फोटो, एअर इंडियाच्या पाकिटात लाल अक्षरांचा तिकिटाचा कागद, बोर्डिंग कार्डाचा तुकडा आणि जुना पासपोर्ट. वडील सत्तरच्या दशकात मुंबईहून लंडनला गेले होते. आई म्हणते जंबोतून गेले, काका म्हणतात 707 होतं. खरं काय? त्या काळी हा प्रवास कसा होत असे? आणि हे सगळं पुढच्या पावसाळ्यात खराब होऊ नये म्हणून काय करावं?

आधी साल पक्कं करा, विमानाकडे नंतर वळा. घरच्यांच्या आठवणीत साल दोन-चार वर्षं इकडे तिकडे होतंच, आणि साल सरकलं की विमानही बदलतं. एअर इंडियाकडे बोइंग 707 आलं 1960 मध्ये आणि 747 म्हणजे जंबो आलं 1971 मध्ये. जंबो आल्यावरही 707 लगेच गेलं नाही, दोन्ही विमानं पुढे बरीच वर्षं एकाच ताफ्यात होती. त्यामुळे आई आणि काका, दोघांचंही म्हणणं सध्या तरी शक्य आहे.

सालासाठी सगळ्यांत भक्कम पुरावा पासपोर्टचा. ही पुस्तिका तुमच्याच नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेली असणार. तिच्यात तीन गोष्टी शोधा: मुंबईहून निघतानाचा शिक्का, लंडनला उतरल्याचा शिक्का आणि विदेशी चलन दिल्याची बँकेची नोंद. ही तिसरी नोंद बहुतेक जण बघतच नाहीत. त्या काळी परदेशी चलन हातात पडणं अवघड होतं, आणि जे मिळे त्याची रक्कम, तारीख आणि शाखेचा शिक्का पासपोर्टवरच चढवला जाई. प्रवास सहसा त्यानंतर थोड्याच दिवसांत होई. जांभळे शिक्के फिके पडले असतील तर पान रंगीत स्कॅन करा आणि फोटो सुधारण्याच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये फक्त हिरवा चॅनल उघडा. जांभळी शाई हिरवा प्रकाश शोषते, म्हणून त्या चॅनलमध्ये ती सर्वांत काळी दिसते. डोळ्यांना न दिसणारी तारीख पुष्कळदा अशी वाचता येते.

आता तिकीट. हा कागद म्हणजे एका पुस्तिकेचं शेवटचं पान आहे. त्या काळचं तिकीट एकावर एक रचलेल्या कुपनांचं असे. वरच्या प्रती हिशेबाला आणि एजंटाकडे जात, मधली कुपनं प्रवासाच्या टप्प्यांची, आणि शेवटचं प्रवाशाचं. प्रत्येक कुपनाच्या पाठीला लाल कार्बनचा थर असे, त्यामुळे एकदा जोर देऊन लिहिलं की खालपर्यंत उमटे. चेक-इनला त्या टप्प्याचं कुपन फाडून घेत. म्हणून घरात उरतं ते प्रवाशाचं कुपन, आणि त्यावर सगळे टप्पे असतात. ट्रंकेत एखादं टप्प्याचं कुपन न फाडलेलं सापडलं, तर त्या टप्प्याचा प्रवास त्या तिकिटावर झालाच नाही असं धरायला हरकत नाही.

क्रमांकाचे पहिले तीन आकडे 098 असतील तर तिकीट एअर इंडियाच्या कागदावरचं. 058 असतील तर इंडियन एअरलाइन्सच्या. मात्र ज्या कंपनीचा कागद, त्याच कंपनीचं विमान असेल असं नाही. प्रत्येक टप्प्यासमोर कंपनीचा दोन अक्षरी संकेत वेगळा असतो, तो बघा. त्याच ओळीत उड्डाणाचा क्रमांक, वर्गाचं अक्षर (F म्हणजे पहिला वर्ग, Y म्हणजे इकॉनॉमी), तारीख, वेळ आणि आरक्षणाची स्थिती असते. OK म्हणजे जागा पक्की, RQ म्हणजे मागणी टाकली आहे पण अजून मिळालेली नाही. सामानाच्या चौकटीत 20K म्हणजे 20 किलो, हे इकॉनॉमीचं. पहिल्या वर्गाला 30 किलो. गावाच्या नावाआधी X असेल तर तिथे फक्त विमान बदललं किंवा थांबलं, मुक्काम नाही.

इथे एक खाच आहे. टप्प्यासमोरच्या तारखेत दिवस आणि महिना असतो, साल नसतं. साल शोधायचं ते तिकीट काढल्याच्या चौकटीत किंवा एजंटाच्या यंत्राने उमटवलेल्या शिक्क्यात. साधं तिकीट एक वर्ष चाले, त्यामुळे नोव्हेंबरात काढलेल्या तिकिटावरचा मार्चमधला प्रवास पुढच्या सालातला असतो. अल्बमवर घातलेली सालं एका वर्षाने चुकलेली सापडतात, ती बहुतेक इथेच चुकतात. आणि विमान कुठलं, हे तिकिटावर कुठेच लिहिलेलं नसतं. ते कंपनीच्या छापील वेळापत्रकात असे. ती वेळापत्रकं उन्हाळी आणि हिवाळी अशी निघत आणि उड्डाण क्रमांकासमोर विमानाचा प्रकार दिलेला असे. जुनी वेळापत्रकं जमवणारे लोक आहेत. साल, महिना आणि उड्डाण क्रमांक हाताशी असला तर ते विमान सांगू शकतात. तरी ते उत्तर वेळापत्रकातलं. आयत्या वेळी विमान बदलणं तेव्हाही होतंच.

म्हणून निर्णय द्यायचा तो बोर्डिंग कार्डाने आणि फोटोने. कार्डाचा तुकडा आधी बघा, कारण तिथे दोन मिनिटांत निकाल लागू शकतो. 707 मध्ये मधोमध एकच वाट आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन खुर्च्या, म्हणून अक्षरं A ते F. जंबोत दोन वाटा. इकॉनॉमीत सुरुवातीला एका रांगेत नऊ, पुढे दहा खुर्च्या, आणि अक्षरं K पर्यंत (I वगळून, कारण ते आकडा 1 सारखं दिसतं). G, H, J किंवा K निघालं की 707 बाद. A ते F पैकी असेल तर मात्र काही सिद्ध होत नाही, तेव्हा रांगेचा आकडा बघा. 40 च्या पुढची रांग 707 मध्ये असू शकत नाही. कार्डावर सीटची जागा कोरी दिसली तर गोंधळू नका. त्या काळी काउंटरवर विमानाच्या सगळ्या खुर्च्यांचा तक्ता असे आणि त्यावरचा स्टिकर काढून कार्डावर चिकटवत. एक स्टिकर एकदाच निघतो, म्हणून एकच जागा दोघांना जात नसे. पन्नास वर्षांत डिंक सुकून तो गळलेला असतो. ट्रंकेचा तळ आणि पाकिटाचे कोपरे झटकण्याआधी नीट तपासा.

फोटोंकडे वळू. विमान पूर्ण दिसत असेल तर प्रश्नच नाही: पुढच्या भागावर कुबड आणि त्यात वरच्या मजल्याच्या खिडक्या म्हणजे जंबो. पण घरगुती फोटोत माणसं मोठी आणि विमान मागे अर्धंमुर्धं असतं. तेव्हा तुकड्यांवरून ओळखावं लागतं.

शिडीवर उभं राहून काढलेला फोटो असेल तर पायऱ्या मोजा. 707 च्या दाराचा उंबरठा जमिनीपासून साधारण तीन-सव्वातीन मीटर, जंबोचा पाच मीटरच्या आसपास. एक पायरी 18 ते 20 सेंटिमीटर धरली तर 707 ला सतराएक आणि जंबोला पंचविसाच्या पुढे भरतात. चाकं दिसत असतील तर अजून सोपं. 707 ला दोन्ही बाजूंना चार-चार चाकांचा एकेक संच आणि नाकाखाली दोन, मिळून 10. जंबोला चार-चार चाकांचे चार संच आणि नाकाखाली दोन, मिळून 18. पोटाखाली चाकांची गर्दी दिसली की ती जंबोचीच.

शेपूट दिसत असेल तर टोकाकडे बघा. 707 च्या उभ्या पंखाच्या वरच्या टोकाला पुढे रोखलेला एक लांब दांडा असतो, तो एचएफ रेडिओचा, म्हणजे लांब पल्ल्याच्या रेडिओचा अँटेना. जंबोच्या शेपटीवर तो नाही. इंजिनंही बोलतात. एअर इंडियाच्या पहिल्या 707 विमानांना रोल्स-रॉइस कॉनवे इंजिनं होती, त्यांचं आवरण पुढून मागे सलग निमुळतं. नंतरच्या 707 ना प्रॅट अँड व्हिटनीची, त्यांच्यात पुढचा भाग जाड आणि मग एकदम पायरी उतरल्यासारखी बारीक नळी. जंबोच्या इंजिनाचं तोंड इतकं रुंद की शेजारी उभा माणूस त्यात सहज मावेल असं दिसतं.

खिडक्यांभोवती लाल रंगात काढलेले राजस्थानी झरोके ही जंबोबरोबर आलेली सजावट. पुढे ती ताफ्यातल्या इतर विमानांवरही चढली, त्यामुळे झरोका दिसला म्हणून जंबो असं म्हणता येत नाही. फोटो 1971 नंतरचा, एवढंच म्हणता येतं. आणि झरोका ओळखायचा तो आकारावरून. सत्तरच्या दशकातल्या रंगीत प्रिंटमध्ये निळसर रंगद्रव्य अंधारातही हळूहळू जातं आणि सगळा फोटोच तांबूस होतो, तेव्हा लाल रंगावर विश्वास ठेवू नका.

खिडकीतून पंखाचा फोटो काढलेला असेल आणि विमान उतरायच्या बेतात असेल, तर तो फोटो मोलाचा. जंबोच्या पंखाची मागची फळी तीन तुकड्यांत उघडते, एकामागे एक खाली वळलेल्या तीन फळ्या आणि मधल्या फटींतून खालची शेतं दिसतात. इतक्या जड विमानाला कमी वेगात हवेत धरून ठेवायला पंख मोठा आणि वाकडा करावा लागतो, आणि फटींतून जोरात येणारी हवा वरच्या पृष्ठभागाला चिकटून राहते, म्हणून ही रचना. हलणारं चित्रीकरण असेल तर आणखी एक बघा: वर, पूर्ण वेगात असताना पंखाच्या टोकाकडचा एलरॉन (विमान कुशीवर झुकवणारी मागच्या कडेची हलती फळी) हलत नाही, फक्त आतला हलतो. त्या वेगाला टोकाचा एलरॉन वळवला तर पंखच पिळवटतो आणि विमान उलट वळायला बघतं, म्हणून फळ्या आत गेल्या की तो कुलूपबंद होतो. 707 मध्येही तसंच, त्यामुळे यावरून दोघांतला फरक कळणार नाही. बघण्यासारखं मात्र आहे.

सर्वांत पक्की खूण म्हणजे नोंदणीची अक्षरं. शेपटीजवळ अंगावर आणि पंखाखाली VT आणि मग तीन अक्षरं असतात. एअर इंडियाच्या त्या काळच्या 707 ची तीन अक्षरं D ने सुरू होतात आणि 747 ची E ने. VT-D वाचता आलं तर काका बरोबर, VT-E आणि चार इंजिनं दिसली तर आई. चार इंजिनांची अट यासाठी की 1982 पासून आलेली एअरबस विमानंही E वालीच, पण त्यांना दोन इंजिनं.

नाव वाचता आलं तर उत्तमच. 707 ना हिमालयातल्या शिखरांची नावं होती, जंबोंना सम्राटांची. ही नावं तारीख ठरवायलाही उपयोगी पडतात. 'कांचनजंगा' हे 707 24 जानेवारी 1966 रोजी आल्प्समधल्या माँ ब्लां शिखरावर कोसळलं. 'एम्परर अशोक', VT-EBD, हा एअर इंडियाचा पहिला जंबो, 1 जानेवारी 1978 च्या रात्री मुंबईहून निघाल्यावर लगेच वांद्र्यासमोर समुद्रात पडला, 213 माणसं गेली. 'एम्परर कनिष्क', VT-EFO, 23 जून 1985 रोजी बॉम्बस्फोटाने आयर्लंडजवळ समुद्रात गेला. या विमानांचा फोटो त्या दिवसांच्या आधीचाच. आपल्याकडे पुष्कळांना आठवणारा 'शिवाजी' म्हणजे VT-EPW. तो 747-300 प्रकारचा, 1988 मध्ये आलेला, मागच्या भागात माल आणि पुढे प्रवासी नेणारा. त्याचं कुबड लांब असतं. पंखाच्या टोकाला वर वळलेला उभा तुकडा दिसला तर ते 747-400, म्हणजे 1993 आणि त्यानंतरचं. या दोहोंपैकी काही दिसलं तर तो फोटो वडिलांच्या सत्तरच्या दशकातल्या प्रवासाचा नाही, नंतर कधीतरी त्याच अल्बमात लागला.

प्रवास कसा होई, हे आता सांगतो. इथे जरा रेंगाळणार आहे, कारण हे विमान गेलं तशी ही माहितीही घराघरांतून चालली आहे.

नाशिककराचा लंडनचा प्रवास नाशिकरोड स्टेशनवरून सुरू होई. 1975 नंतर सकाळची पंचवटी एक्स्प्रेस, त्याआधी दुसरी एखादी गाडी किंवा कसारा घाटातून एसटी. मग दिवसभर दादर-गिरगावात कुणा नातेवाइकाकडे मुक्काम, आणि रात्री सांताक्रूझ. विमान मध्यरात्रीनंतरच का, याची कारणं साधी आहेत. युरोपात सकाळी उतरलं की पुढची विमानं मिळतात आणि तिथल्या विमानतळांवरचे रात्रीचे निर्बंध टळतात. दुसरं, हवा जितकी गरम तितकी विरळ. पंखाला उचल कमी मिळते, आणि तापमान साधारण तिशीच्या वर गेलं की त्या काळच्या इंजिनांची ताकदही उतरू लागे. मुंबईची मोठी धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या आतली. पूर्ण भरलेल्या जंबोचं वजन 377 टनांपर्यंत. मे महिन्यात दुपारी निघायचं तर माल किंवा इंधन कमी करावं लागलं असतं. रात्री तेच विमान जास्त भार घेऊन उठे.

मुंबई ते लंडन सरळ रेषेत सुमारे 7,200 किलोमीटर. 1948 साली 8 जूनला 'मलबार प्रिन्सेस' हे पंख्याचं कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून निघालं, ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत लंडनला गेलं. 1966 च्या त्या 707 चं उड्डाणही दिल्ली, बैरुत, जिनिव्हा असं थांबत जाणारं होतं. वडिलांच्या तिकिटावर कुवेत, बैरुत, रोम, फ्रँकफर्ट यांपैकी एखादं नाव दिसलं तर नवल नाही. जंबोला इंधनासाठी थांबण्याची फारशी गरज नव्हती, त्याच्या टाक्यांत सुमारे 1,98,000 लिटर मावे आणि तासाला अकरा-बारा टन जळे. पण वाटेतल्या गावांचे प्रवासी आणि माल मिळत होते, म्हणून थांबे राहिले.

कॉकपिटमध्ये तिघे: कॅप्टन, सहवैमानिक आणि फ्लाइट इंजिनिअर. हा तिसरा माणूस लोक विसरतात, आणि माझ्या मते त्या विमानाचा खरा राखणदार तोच. त्याची खुर्ची उजवीकडच्या भिंतीला तोंड करून, आणि समोर भिंतभर घड्याळं. जुन्या जंबोच्या कॉकपिटमध्ये दिवे, घड्याळं आणि बटणं मिळून 971 होती. 747-400 मध्ये ती 365 वर आली आणि तिसरी खुर्ची गेली. त्याचं रात्रभराचं मुख्य काम इंधनाचं. जंबोला सात टाक्या: दोन्ही पंखांत मिळून चार मुख्य आणि टोकांकडे दोन राखीव, आणि पोटात मधली एक. आधी मधली टाकी रिकामी करायची, कारण पंखातलं इंधन पंखाला खाली दाबून धरतं आणि उचलीमुळे मुळाशी येणारा ताण कमी होतो. आधी पंख रिकामे केले तर सगळा भार पोटात आणि सगळी उचल पंखात, मग मुळाशी धातू थकतो. दोन्ही बाजूंचं इंधन सारखं राखायचं, चारही इंजिनांची तापमानं, तेलाचा दाब, कंपनं बघायची, केबिनचा दाब सांभाळायचा, हे सगळं हाताने.

सुरुवातीला जंबोच्या इंजिनांनी बराच त्रास दिला. जेटी9डी हे इंजिन आकाराने नवं होतं. पूर्ण ताकद लावली की ज्या जागी ते पंखाला टांगलेलं, तिथे ओढ पडून त्याचं गोल आवरण किंचित लंबगोल होई. आत फिरणारी पाती मग एका बाजूला घासत आणि दुसऱ्या बाजूला फट वाढे, म्हणजे ताकद कमी आणि इंधन जास्त. पुढे ओढ दोन बिंदूंवर विभागणारी चौकट बसवून हे सोडवलं. 1971 मध्ये मुंबईला पोहोचलेली विमानं पहिल्या वर्षातले हे धक्के दुसऱ्यांच्या हातून खाऊन झाल्यावरची होती.

वाट शोधायची ती आयएनएस नावाच्या यंत्राने. जंबोत ती तीन असत. आतले जायरो (दिशा धरून फिरणारी चाकं) आणि वेगबदल मोजणारी उपकरणं प्रत्येक हालचाल टिपून 'आपण निघालो तिथून किती सरकलो' हे सांगत, बाहेरच्या कुठल्याही संकेताशिवाय. पण त्याला सुरुवातीची जागा अचूक द्यावी लागे. विमान उभं असताना अक्षांश-रेखांश बटणांनी भरायचे आणि मग साधारण पाव तास विमान हलवायचं नाही, नाहीतर यंत्राला उत्तर दिशा आणि क्षितिज नीट सापडत नाही. एक आकडा चुकला की तो पुढच्या सगळ्या वाटेत चुकलेलाच. वाटेतले फक्त नऊ बिंदू त्यात मावत, म्हणून मागचे गेले की नवे भरायचे, एकाने भरायचे आणि दुसऱ्याने नकाशाशी ताडायचे. तासाला मैलाच्या आसपास ते भरकटे, किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्राशी जुळवून ते लक्षात ठेवायचं. 1 सप्टेंबर 1983 ला कोरियन कंपनीचं 747 वाट सोडून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि पाडलं गेलं. ऑटोपायलट या यंत्राला जोडलाच न गेल्याचा निष्कर्ष पुढे निघाला.

समुद्रावर जमिनीशी बोलणं एचएफ रेडिओवर, खरखरीत आणि दर थोड्या वेळाने लहर बदलून. ती खरखर रात्रभर कानात घ्यावी लागू नये म्हणून प्रत्येक विमानाला चार अक्षरांचा सेलकॉल असे. जमिनीवरून ते सूर पाठवले की कॉकपिटमध्ये घंटी वाजे, मग हेडफोन चढवायचा.

केबिनमध्ये आईला विचारण्यासारख्या दोन खुणा आहेत, वडिलांनी घरी सांगितल्या असतील तर. एक, गोल वळणाचा जिना. 747-200 म्हणजे सत्तरच्या दशकातल्या जंबोच्या पुढच्या भागात तो होता, वरच्या मजल्यावर पहिल्या वर्गाची बैठक. 747-300 पासून तो सरळ झाला. दुसरी, कानाला लावायच्या पोकळ प्लॅस्टिकच्या नळ्या. त्यांत तार नव्हती. आवाज खुर्चीच्या हातात तयार होऊन हवेतून नळीने कानापर्यंत येई. अशी नळी ट्रंकेत असेल तर ती ताठ आणि चिकट झालेली असेल, फोटोंपासून लांब ठेवा.

आता जपणूक. लाल कार्बन मेणकट असतो, दाबाने आणि उष्णतेने शेजारच्या कागदावर उमटतो. तिकिटाच्या दोन्ही बाजूंना आम्लविरहित पातळ कागद घाला, वर वजन ठेवू नका. वर्तमानपत्र चालणार नाही, त्यातलं आम्ल शेजारचा कागद पिवळा करतं. टाचण्या आणि स्टेपल आधी काढा, नाशिकच्या जुलै-ऑगस्टमध्ये त्या गंजतात आणि तो डाग जात नाही. लॅमिनेशन अजिबात करू नका. उष्णतेने कार्बन पसरतो आणि नंतर ते सोडवता येत नाही. पाकिटं पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिनची घ्या. मऊ, वास येणारं पीव्हीसी टाळा, त्यातलं तेलकट द्रव्य शाई ओढून घेतं.

फोटो चिकट पानांच्या अल्बमात असतील तर ओढू नका. दात साफ करायचा बिनवासाचा फ्लॉस फोटोच्या मागून हळूहळू करवतीसारखा सरकवत न्या. निघालाच नाही तर पानासकट स्कॅन करून तसाच ठेवा. स्कॅन फोटोसाठी 600 डीपीआय, 35 मिमी निगेटिव्ह असेल तर 2,400 च्या पुढे. नोंदणीची अक्षरं वाचायची तर निगेटिव्हच शोधा, कारण प्रिंटमध्ये कडा कापल्या जातात आणि शेपटीजवळची अक्षरं नेमकी कडेलाच असतात.

ट्रंक माळ्यावर परत नेऊ नका, पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये तिथे भट्टी होते. आतल्या खोलीत, भिंतीपासून थोडं लांब, जमिनीपासून वीतभर उंच. सगळं झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात घालून डबा ट्रंकेत ठेवा आणि आत 50-100 ग्रॅम सिलिका जेल, रंग बदलणारं. रंग बदलला की 110 ते 120 अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतं. शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक आत ठेवला तर अंदाजावर राहावं लागत नाही, काटा 35 ते 50 टक्क्यांत हवा. डांबरगोळ्या नकोत, त्यांची वाफ काही प्लॅस्टिकं मऊ करते. डबा भरायचा तो कोरड्या दिवसात. पावसाळ्यात भरला तर ओल आतच कोंडली जाते आणि बुरशी धरते. चंदेरी कसर दिसली तर कागद बाहेर काढून मऊ ब्रशने झटका, कीटकनाशक फवारू नका.

एअर इंडियाचा शेवटचा जंबो, VT-EVA, 22 एप्रिल 2024 रोजी मुंबईहून उठला, पंख डोलावून वळला आणि अमेरिकेला गेला. जगातलं शेवटचं 747 जानेवारी 2023 मध्ये कारखान्यातून ग्राहकाकडे गेलं, एकूण 1,574 बनली. 1969 मध्ये उडालेलं पहिलं विमान सिएटलच्या संग्रहालयात उभं आहे. आईला जंबोत बसायचंच असेल तर लुफ्तान्झाकडे अजून ती प्रवासी नेतात. तिकीट काढताना विमानाच्या प्रकाराच्या जागी 747 लिहिलेलं आहे ना, हे बघून घ्या.

शेवटी नोंदीबद्दल. निकाल लागला की लगेच लिहून ठेवा, पण फोटोच्या पाठीवर नको. सत्तरच्या दशकातले रंगीत प्रिंट बहुधा प्लॅस्टिकचा थर दिलेल्या कागदावर असतात. शिसपेन्सिल त्यावर उठत नाही, आणि जोर दिला तर अक्षरांचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. बॉलपेनची शाई शेजारच्या फोटोला लागते. वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलने तारीख, टप्पा, उड्डाण क्रमांक, विमानाची अक्षरं आणि हे कशावरून ठरवलं ते लिहा, आणि ती चिठ्ठी त्याच पाकिटात फोटोच्या मागे सरकवा. स्कॅनच्या फाइललाही तेच नाव द्या, साल आधी, मग महिना आणि दिवस.